घरी पाणी कोण भरतं?

सिस्टर इमेल्दा ॲडमिशनला आलेल्या मुलीला आधी मार्क विचारत नसत. कुणी मार्कशीट पुढे सरकवली तरी ती टेबलावर पालथी ठेवायच्या आणि विचारायच्या, "घरी पाणी कोण भरतं?"

मुलगी गोंधळायची. ती तयारी करून आलेली असायची. पुढे काय व्हायचं आहे, आवडता विषय कोणता, इंग्रजीत स्वतःचं नावगाव कसं सांगायचं, हे सगळं शेजारच्या ताईकडून पाठ केलेलं. आणि ही उंच, वाळकी, पांढऱ्या झग्यातली बाई पाण्याचं काय विचारते? बाप मध्येच तोंड घालायचा, "नळ आहे ना मॅडम, दारातच आहे." सिस्टर त्याच्याकडे न बघताच म्हणायच्या, "नळ आहे ते कळलं. नळाखाली हंडा कोण लावतं?"

मी त्या कॉलेजात वीसेक वर्षं कामाला होते. झाडलोट, दारं उघडणं, स्टाफरूममध्ये चहा देणं आणि घंटा वाजवणं. घंटा म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि एक हातोडी. उल्हासनगरचा कॅम्प पाच संपून अंबरनाथ सुरू होतं, त्या बाजूला कॉलेज होतं. मुलींचं. चालवायच्या सिस्टर लोक, पण शिकायला सगळ्या यायच्या. कॅम्पातल्या सिंधी मुली, बदलापूर गावातल्या शेतकऱ्यांच्या मुली, आमच्या बौद्ध वस्तीतल्या मुली आणि थोड्या ख्रिस्ती. मी चौथीपर्यंत शिकलेली. कॉलेज म्हणजे काय असतं ते मला तिथली फरशी पुसता पुसता कळलं.

सिस्टर इमेल्दा तिथं प्रिन्सिपॉल होत्या. मूळच्या वसईच्या, म्हणून मराठी आपल्यासारखीच, फक्त जरा प्रार्थनेच्या पुस्तकातल्यासारखी. पायात कॅनव्हासचे बूट आणि मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ. ते इतकं सैल होतं की हात वर केला की कोपरापर्यंत सरकायचं. वेळ बघायची तर हात खाली करून झटकावा लागायचा. सिस्टरनी हात झटकला की व्हरांड्यातल्या पोरी पांगायच्या.

पाण्याचं कारण असं होतं. त्या काळी आमच्याकडे नळाला पाणी यायचं सकाळी साडेसहाला, आणि तासाभरात जायचं. कॉलेजचं पहिलं लेक्चर सातला. जिची आई आजारी किंवा कामावर, तिला हंडे भरूनच निघावं लागायचं. ती धावतपळत पोचायची तोवर सरांनी दार लावलेलं असायचं. पोरगी व्हरांड्यात उभी. अशा उभ्या राहून राहून दर वर्षी काही मुली कॉलेज सोडायच्या. सिस्टर आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं, ज्या मुली घरचं पाणी भरतात त्यांना दहा मिनिटं माफ. त्यांनी मागच्या दारानं यायचं, मागच्या बाकावर बसायचं, आणि त्यांना कुणी एक शब्द बोलायचा नाही. मागचं दार सांभाळायला मी. त्या मुलींना सगळं कॉलेज 'पाणीवाल्या' म्हणायला लागलं.

फिजिक्सचे एक सर होते, त्यांना हे अजिबात पटलं नाही. ते ऑफिसात येऊन म्हणाले, "सिस्टर, अशानं शिस्त राहणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, "शिस्त नळाला लावा, सर. तो लवकर आला की ह्याही लवकर येतील."

मग व्हायचं तेच झालं. थंडी पडली तशी अर्धं कॉलेज पाणीवालं झालं. ज्यांच्या घरी गच्चीवर टाकी होती त्याही मागच्या दारानं यायला लागल्या. एक मुलगी तर गेटजवळच्या नळावर ओढणी भिजवून यायची. मी ओळखलं होतं, पण माझं काम दार उघडायचं. एकदा सिस्टर स्वतः दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या मुलीला खालीवर बघितलं आणि म्हणाल्या, "बाळ, तू पुढून भिजली आहेस. हंडा कमरेवर घेतला की बाई बाजूनं भिजते. उद्या ये माझ्याकडे, दोन हंडे देते, गुलाबांना पाणी घाल. मग कुठून भिजतेस ते तुला कळेल." मुलीनं आठवडाभर गुलाबांना पाणी घातलं. मागच्या दाराची गर्दी ओसरली.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, तुम्हाला हंड्याचं एवढं कसं माहीत?"

"आमची वसईला केळीची वाडी. पाच भाऊ आणि बहीण मी एकटी. विहिरीवर कोण जाणार?" त्या म्हणाल्या. "मग एकदा कॉन्व्हेंट बघायला गेले, तर तिथं आत नळ. फिरवला की पाणी. मी घरी येऊन सांगितलं, मी सिस्टर होणार. देव मला नंतर भेटला, गयाबाई. आधी नळ भेटला."

असलं त्या दुसऱ्या सिस्टर लोकांसमोर बोलायच्या नाहीत. माझ्याशी बोलायच्या, कारण माझ्या डब्यात बोंबलाची चटणी असायची. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात एक केरळच्या सिस्टर होत्या, त्यांना सुक्या बोंबलाचा वास सहन व्हायचा नाही. म्हणून आमच्या प्रिन्सिपॉल दुपारी घंटेखालच्या पायरीवर माझ्याशेजारी बसून भाकरीचा तुकडा मोडायच्या. ईस्टरच्या आधी त्यांचे उपासाचे चाळीस दिवस असतात. त्यात त्या बोंबील सोडायच्या. पण पायरीवर यायच्याच. "डबा उघडा. वास घेतला तर पाप नाही," म्हणायच्या. मी उघडायची. त्या डोळे मिटून बसायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, प्रार्थना चालू आहे.

आता ॲडमिशनच्या दिवसांचं सांगते. बारावीचा निकाल लागला की कॉलेजच्या गेटवर जत्रा भरायची. सायन्सला जागा कमी, कारण प्रयोगशाळा लहान. त्यातल्या काही जागा ख्रिस्ती मुलींसाठी राखून ठेवलेल्या असायच्या. आमच्या भागात ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळे त्या जागा सहसा भरायच्या नाहीत. हे लोकांना माहीत झालं आणि जून महिन्यात माणसं ख्रिस्ती व्हायला लागली.

एका वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. त्यांचा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला त्यांनी टेबलावर ठेवला. कागद जाड, कडेला सोनेरी वेलबुट्टी, मधोमध क्रूस. सिस्टरनी चष्मा लावला, वाचलं आणि कागद माझ्याकडे दिला. "गयाबाई, तुम्हाला वाचता येतं ना? अगदी वरची ओळ वाचा."

मी मोठ्यानं वाचलं, "श्री गणेशाय नमः."

माणसानं घरच्याच मशीनवर छापलं होतं. लग्नपत्रिकेच्या वरची ओळ काढायची राहून गेली. जन्मभराची सवय, त्याला तरी काय कळणार! तो घाम पुसायला लागला, मुलगी रडायच्या बेताला आली. सिस्टर इतक्या हसल्या की डोक्यावरचं कापड मागे सरकलं. "अहो, साक्षात गणपतीनं शिफारस केली आहे, हिला मी परत कशी पाठवू?" पण ख्रिस्ती सीट दिली नाही. मार्कशीट उलटी होती ती सुलटी केली, मार्क बघितले आणि कॉमर्सला घातली. मुलगी हुशार निघाली. तिच्या लग्नाची पत्रिका बापानंच छापली आणि सिस्टरना आणून दिली. सिस्टर म्हणाल्या, "बघू, ह्याच्यावर क्रूस तर नाही ना राहिला?"

हे सगळं मी दुसऱ्यांच्या मुलींचं बघत होते, तोवर हसू येत होतं. मग माझी सुजाता बारावी झाली.

आम्हाला ही एकच. तिला प्रयोगशाळेची हौस. तिचे वडील, आमचे मालक, अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात होते, युनियनमध्येही होते. माणूस वाईट नाही, पण एकदा बोलले की तोच कायदा. त्यांनी सांगून टाकलं, "सायन्सला मिळालं तर शिकव. दोन पैशांची नोकरी तरी लागेल. नाही मिळालं तर बदलापूरचं स्थळ आलंय, उरकून टाकू. आर्ट्स शिकून काय कविता करणार आहे?" स्थळही काही वाईट नव्हतं. पण पोरगी अठरा वर्षांची, आणि तिला शिकायचं होतं. मला त्यापलीकडे काही कळत नव्हतं.

सुजाताला मार्क थोडे कमी पडले. आमच्या राखीव जागा तिच्यापेक्षा वरच्या पोरींनी आधीच भरल्या होत्या. ती वेटिंगला लागली. वस्तीतल्या बाया मला म्हणायच्या, "अगं, तू त्या सिस्टरबरोबर एका डब्यात जेवतेस. तुझ्या पोरीला नाही मिळणार तर कुणाला?" एक जण म्हणाली, "पाणी शिंपडून घे की पोरीवर. त्यांच्या सीटा रिकाम्याच असतात."

मी सरळ बाई. पायरीवर बसल्या बसल्या सिस्टरना विचारून टाकलं, "सुजाताला बाप्तिस्मा दिला तर सीट मिळेल का?"

सिस्टरनी हातातला घास डब्यात परत ठेवला. त्या पत्रिकावाल्यावर हसल्या होत्या, माझ्यावर चिडल्या. "देव काय रेशनचं दुकान आहे, गयाबाई? कार्ड बदललं की साखर जास्त?"

मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"तुमच्या वडिलांनी छप्पन साली धर्म बदलला. काय मिळणार होतं त्यांना?"

"मिळायचं काय? होतं तेही काम गेलं. गावानं विहीर बंद केली."

"तरी बदलला ना? मग त्यांची नात सायन्सच्या सीटसाठी बदलणार? मी नाही पाणी घालणार तिच्यावर. जा."

मला तेव्हा राग आला. ज्यांच्या घरी नळ आहे त्यांना असं बोलता येतं, असं मी मनात म्हटलं. पण बोलल्या त्यात खोट काढता येईना.

वेटिंगचा नियम सिस्टरचाच होता. फोन कुणाकडे नव्हते, पत्रं वेळेवर पोचत नव्हती. म्हणून वेटिंगच्या मुलींनी रोज अकराला अंगणात हजर राहायचं. कुणी मेडिकलला जायची, कुणाचं लग्न ठरायचं, सीट सुटायची. अकराची घंटा झाली की सिस्टर पायरीवर येऊन सुटलेल्या सीटसाठी यादीतलं पहिलं नाव पुकारायच्या. मुलगी हजर असली की सीट तिची, नसली तर पुढचं नाव. वशिला नाही, चिठ्ठी नाही. सुजाता रोज यायची. सकाळी घरचे हंडे भरून, भांडी घासून, अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली येऊन उभी राहायची.

शेवटचा दिवस आला. सायन्सची एकच सीट राहिली होती, ख्रिस्ती मुलींसाठी ठेवलेली आणि न भरलेली. आता ती सगळ्यांना उघडी. यादीत पहिलं नाव बदलापूर गावातल्या मंगलचं, दुसरं माझ्या सुजाताचं. मी सकाळपासून गेटकडे बघत होते. मंगल रोज साडेदहालाच यायची. त्या दिवशी पावणेअकरा झाले तरी आली नाही. मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण त्या दिवशी मंगल घरीच राहावी असं मला वाटत होतं, आणि ते लपवायचं कारण नाही.

अकराला मी घंटा दिली. चांगली दणकून दिली.

सिस्टर पायरीवर आल्या. "मंगल."

सगळ्यांनी गेटकडे बघितलं.

"मंगल!"

अंगणात सुजातानं ओढणी नीट केली. एक पाऊल पुढे आली. सिस्टरनी हात खाली करून झटकला, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "मंगल पाणीवाली आहे. दहा मिनिटं थांबू."

माझ्या हातात हातोडी होती. मी म्हटलं, "सिस्टर, ती सवलत लेक्चरला. ॲडमिशनला नाही."

"आज ॲडमिशन आहे हे नळाला कुठं माहीत?"

"माझी पोर काय पाणी भरत नाही? भरून वेळेवर आली, त्याची ही शिक्षा?"

"सुजाता दहा मिनिटं चालून येते, गयाबाई. मंगल बदलापूरहून येते."

सगळं अंगण आमच्याकडे बघत होतं. सिस्टर घड्याळावर बोट ठेवून उभ्या. आणि मंगल आलीच. कुणा दूधवाल्याच्या सायकलवरून गेटात उतरली, एक चप्पल पायात, एक हातात. डाव्या बाजूनं पार भिजलेली. "नळ आलाच नाही, सिस्टर," ती धापा टाकत म्हणाली. "टँकर आला, तोही नऊला."

सीट मंगलला गेली. सुजाता घरी निघून गेली. मी हातोडी व्हरांड्यात आपटली.

"तुमच्या हातात होतं," मी म्हटलं.

"हातात होतं म्हणूनच थांबले. नाहीतर लोक म्हणाले असते, घंटा वाजवणारीच्या मुलीसाठी घाई केली."

"म्हणू देत की! लोक काय माझ्या पोरीचं लग्न थांबवणार आहेत?"

"कसलं लग्न?" सिस्टरनी विचारलं. मी सांगितलं नाही. डबा घेऊन मागच्या बाजूला एकटी जेवले. पुढचे काही दिवस तसंच. त्या पायरीवर येऊन बसायच्या, मी उठून जायची. लग्नाचं त्यांना स्टाफरूममधल्या दुसऱ्या बाईकडून कळलं.

रविवारी संध्याकाळी बदलापूरचे पाहुणे येणार होते. पोहे करून ठेवले होते, सुजाताला माझी हिरवी साडी नेसवली होती. चारच्या सुमाराला बाहेर पोरांचा गलका झाला. बघते तर सिस्टर इमेल्दा आमच्या चाळीच्या बोळातून चालत येताहेत, पांढरा झगा चिखलातून वर धरलेला, मागे वस्तीतली सगळी पोरं. एक म्हातारी ओरडली, "गया, तुझ्याकडे नर्स आली गं! कोण आजारी आहे?"

सिस्टर आत आल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, त्यांना हात जोडले आणि पत्र्याच्या खुर्चीत बसल्या. मी मुद्दाम पाणी दिलं नाही. सुजातानं दिलं. मालक बनियनवर होते, गडबडीनं शर्ट घालायला लागले.

"असू द्या भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "एकच विचारायला आले. घरी पाणी कोण भरतं?"

मालकांना वाटलं, ही काही सरकारी चौकशी आहे. "पोरगी भरते," ते म्हणाले.

"किती हंडे?"

"असतील आठ-दहा."

"लग्न झाल्यावर कोण भरेल?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी सहाला घंटेवर जाते."

ते छताकडे बघायला लागले. युनियनच्या सभेत तासभर बोलणारा माणूस, त्याला एक वाक्य सुचेना. दारात उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"म्हणजे आज ना उद्या तुम्हालाच भरायचं आहे," सिस्टर म्हणाल्या. "तर आत्तापासून सवय करा. तोवर तीन वर्षं पोरगी माझ्याकडे पाठवा. आर्ट्सला जागा आहे. मार्कांवर मिळते, मी काही उपकार करत नाही."

"आर्ट्स शिकून काय होतं, सिस्टर?" मालकांना शेवटी बोलता आलं.

"मी आर्ट्सच शिकले. फिजिक्सचे सर रोज माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन येतात."

मालक हसले. त्यांना हसू आलं तो एकच क्षण, आणि त्यात ते सापडले. मग पाहुण्यांसाठी केलेले पोहे सिस्टरनी बशीभर खाल्ले, वर म्हणाल्या, "ह्यात बोंबील असता तर." मालक सायकल घेऊन बदलापूरला गेले आणि पाहुण्यांना सांगून आले की मुलगी शिकते आहे, तीन वर्षं थांबा. ते काही थांबले नाहीत. बरं झालं.

लगेच दुसऱ्या दिवसापासून मालक नळावर. दोन खांद्यांवर दोन कळशा घेऊन निघाले तर चाळीतले पुरुष दारात येऊन बघायचे. एकानं विचारलं, "काय हो, युनियननं नवीन काम दिलं का?" मालक न थांबता म्हणाले, "ओव्हरटाइम." नंतर कुणी विचारायचं बंद झालं. पुढे शेजारच्या दोघी-तिघींनीही नवऱ्यांना ओव्हरटाइमला लावलं.

सुजाता कॉलेजात यायला लागली. पहिल्याच आठवड्यात एकदा उशीर झाला आणि ती पाणीवाल्यांसारखी मागच्या दाराशी आली. मी दार उघडलं, तर मागे सिस्टर. "पाणीवाल्यांच्या यादीतून तुझं नाव काढलं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरी पाणी वडील भरतात. पुढच्या दारानं, वेळेवर." आणि खरंच तासभर तिला बाहेर उभी केली. मी आत नेली नाही. पायरीवर मात्र त्या दिवसापासून पुन्हा दोघी बसायला लागलो.

सिस्टरनी शेवटच्या सीटसाठी थांबायला नको होतं की हवं होतं, हे मी अजून ठरवलेलं नाही. मंगल सायन्स करून औषधांच्या कंपनीत लागली. तिनं ती सीट वाया घालवली असती तर मी सिस्टरना सोडलं नसतं. सुजाता बी.ए. झाली, बी.एड. झाली, बदलापूरला शाळेत शिकवायला लागली. मग स्थळं बघितली. एक मुलगा आला तेव्हा तिनं त्याला एकच प्रश्न विचारला. कोणता ते सांगायला नको. मुलगा म्हणाला, "मीच भरतो, आई गुडघ्यांनी आजारी असते." तिथंच ठरलं.

अशी बरीच वर्षं गेली. मग सिस्टरची बदली आली. त्यांच्यात कुणाला विचारत नाहीत. वरच्या मदरचा निरोप येतो, एक बॅग भरायची आणि निघायचं. ह्यांना बिहारातल्या कुठल्याशा खेड्यात मुलींच्या शाळेवर पाठवलं. मी विचारलं, "तिथं नळ आहे का?" सिस्टर म्हणाल्या, "हातपंप आहे म्हणे. देवानं हिशोब बरोबर केला."

निरोपाचा समारंभ झाला. हार, भाषणं, केक. फिजिक्सच्या सरांनी सगळ्यांत लांब भाषण केलं आणि रडलेही. मुली तर हुंदके देत होत्या. मी रडले नाही, मला घंटेचं काम होतं. कल्याणहून गाडी होती, रिक्षा गेटवर उभी. सुजाता शाळेतून अर्धी रजा काढून येणार होती, ती अजून आली नव्हती. सगळे सिस्टरना पुढच्या दाराशी न्यायला लागले, तर त्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या.

"सिस्टर, गाडी चुकेल," मी म्हटलं.

त्यांनी हात झटकला. "दहा मिनिटं."

दहा मिनिटं झाली. सुजाता आली नाही. सिस्टर रिक्षात बसल्या आणि गेल्या. धूळ खाली बसते न बसते तोच सुजाता आली, घामानं भिजलेली, आणि पायरीवर बसून रडायला लागली. मी तिला चहा दिला. मुली उरलेला केक खात होत्या. शिपाई कमानीची फुलं काढत होता.

दीडेक तासानं तीच रिक्षा परत आली. त्यातून सिस्टर उतरल्या, बॅग हातात, गळ्यात हार तसाच. "गाडी गेली," त्या म्हणाल्या.

फिजिक्सचे सर चष्मा पुसायला लागले. एका मुलीनं घाईनं तोंडातला केक गिळला. सिस्टर सरळ पायरीपाशी आल्या, सुजातासमोर उभ्या राहिल्या.

"घरी पाणी कोण भरतं?"

सुजातानं डोळे पुसले. "हे भरतात, सिस्टर."

"मग उशीर का?"

सगळं कॉलेज हसलं. आधी रडून झालं होतं, आता हसून झालं. सिस्टर मला म्हणाल्या, "डबा उघडा, भूक लागली आहे. आणि सगळ्यांना सांगा, उद्या पुन्हा रडायचं नाही. एकदा झालं तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं ठरलं. केक नाही, हार नाही. मला वाटलं, गेटवर मी एकटीच असेन. जाऊन बघते तर सुजाता आधीच येऊन उभी, बदलापूरहून पहिल्या रिक्षानं आलेली, हातात बोंबलाच्या चटणीचा डबा. सिस्टर बाहेर आल्या. डबा घेतला, वास घेतला आणि बॅगेत अगदी वर ठेवला. मग हात खाली करून झटकला आणि घड्याळ बघितलं.

"वेळेवर आलीस," म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली. सातला थोडा वेळ होता. मी आधी मागचं दार उघडून ठेवलं आणि मग घंटा वाजवायला गेले.